पैनगंगेच्या पात्रातली हिमनदी

चंद्रपूरहून घुग्घुसच्या रस्त्याला लागले की ट्रकांची रांग सुटत नाही. काहींत कोळसा असतो. ताडपत्री बांधलेली असली तरी काळी भुकटी रस्ताभर सांडत जाते. गडचांदूरकडून येणाऱ्यांत सिमेंटची पोती. धानोरा फाट्याला वळून वर्धा नदीवरच्या भोयेगाव पुलाकडे निघाले तरी ही वर्दळ पाठ सोडत नाही. जिल्ह्याची बरीचशी कमाई या दोन मालांवर चालते, आणि हे दोन्ही माल इथल्याच जमिनीतून निघतात. सिमेंटची चुनखडी खालच्या थरात, कोळसा वरच्या. दोहोंच्या मध्ये आणखी एक थर आहे. हिरवट, चिकणमातीसारखा, लहानमोठ्या दगडगोट्यांनी भरलेला. त्याला बाजारात भाव नाही, म्हणून तो कुणी ट्रकात भरत नाही. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी हिमनदीने तो इथे टाकला. तो पाहायचा तर इरई गाठावे लागते.

इरई म्हटले की चंद्रपूरकरांना आधी आठवते ती शहराला खेटून वाहणारी नदी, किंवा औष्णिक वीज केंद्राला पाणी पुरवणारे धरण. हे गाव त्या नदीवर नाही. शहरापासून सरळ रेषेत मोजले तर पश्चिम-नैर्ऋत्येला पंधरा-सोळा किलोमीटरवर, कोरपना तालुक्यात, पैनगंगेच्या काठी ते वसले आहे. थोडे पुढे पैनगंगा वर्धेला मिळते. त्या संगमावरच्या वढा तीर्थाला कार्तिकात मोठी यात्रा भरते. इरईच्या समोरच्या काठावर यवतमाळ जिल्हा. दोन्ही बाजूंना काळी कापसाची जमीन, मध्ये तूर आणि सोयाबीन. हिमनदीची शंका यावी असे इथे काहीच नाही, आणि मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर गेलेला असताना तर मुळीच नाही.

पावसाळ्यात पात्र भरून वाहते, तेव्हा इकडे येण्यात अर्थ नाही. हिवाळ्यापासून पाणी उतरू लागते आणि पात्रातला खडक उघडा पडतो. हा चुनखडक ‘चांदा चुनखडी’ या नावाने भूविज्ञानात ओळखला जातो. वय सुमारे १०० कोटी वर्षे. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही या गावांभोवतीचे सिमेंट कारखाने याच घराण्यातल्या चुनखडीवर उभे आहेत. पात्रात मात्र त्याचा पृष्ठभाग खाणीतल्यासारखा ओबडधोबड नाही. जागोजागी तो घोटून काढलेला, गुळगुळीत आहे, आणि त्या गुळगुळीत पाठीवर एकमेकांना समांतर ओरखडे आहेत. काही बारीक रेघा, काही हाताच्या बोटांना सहज जाणवतील अशा खोबणी.

पाहणाऱ्याच्या मनात पहिला संशय नदीचा येतो, आणि तो योग्यच असतो. पाणीही खडक घोटते. पण पाणी मऊ जागा शोधते, वळसे घेते, रांजणखळगे पाडते. सरळ आणि समांतर रेघा ओढत जाणे हे त्याचे काम नाही. त्यासाठी टोकदार दगड एखाद्या घट्ट पकडीत धरून प्रचंड वजनाखाली एकाच दिशेने ढकलावा लागतो. दुसरा पुरावा अधिक पक्का आहे. घोटलेला, ओरखडलेला पृष्ठभाग त्या हिरवट गोट्यांच्या थराखाली शिरलेला आहे. म्हणजे थर साचण्यापूर्वीच ओरखडे पडले होते. आजच्या पैनगंगेने फक्त वरचे पांघरूण थोडे बाजूला सारले.

ही जागा जगापुढे आणली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या फ्रान्सिस फेडन यांनी. त्यांचे दोन-तीन पानांचे टिपण सर्वेक्षणाच्या नियतकालिकात १८७५ साली छापून आले. उष्ण कटिबंधातल्या भारतात तालचीर काळात बर्फ होते, याचा पुरावा मांडणारे. ‘तालचीर’ हे नाव ओडिशातल्या तालचेर कोळसाक्षेत्रावरून पडले. तिथे १८५६ मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफोर्ड हे बंधू व त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड यांना कोळशाच्या थरांखाली एक विचित्र खडक सापडला होता: बारीक मातीत रुतलेले प्रचंड गोटे. जोरदार प्रवाह गोटे आणतो, पण त्या प्रवाहात बारीक माती टिकत नाही, वाहून जाते. संथ पाण्यात माती साचते, पण तिथे मोठे गोटे पोचत नाहीत. दोन्ही एकाच जागी आणून टाकणारा वाहक म्हणून त्यांनी बर्फाचे नाव घेतले.

त्या काळी हे धाडसच होते. युरोपावर कधीकाळी हिमस्तर पसरले होते, हा लुई अगासी यांचा सिद्धान्त जेमतेम वीस वर्षांचा होता. त्याहून कितीतरी जुन्या काळी, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सखल प्रदेशात हिमनद्या होत्या असे म्हणणे बहुतेकांना पटेना. गोटे इकडून तिकडे कसेही आले असतील; ओरखडलेला मूळ खडक दाखवा, अशी अपेक्षा होती. फेडन यांनी तो दाखवला. योगायोग असा की त्याच १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि त्याची सूत्रे हेन्री ब्लॅनफोर्ड यांच्याकडे आली. भारतातल्या प्राचीन बर्फाची चाहूल ज्यांना आधी लागली, त्यांतलेच एक पुढे देशाच्या मोसमी पावसाचा हिशेब ठेवू लागले.

दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातही अशाच वयाचे गोट्यांचे थर आणि त्यांखाली ओरखडलेले खडक मिळाले. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ पासून खंडांच्या सरकण्याची मांडणी केली, तेव्हा हे पुरावे त्यांच्या हाती होते. आज विखुरलेले हे सगळे भूभाग दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र मांडले की हिमस्तरांचे तुकडे जुळतात. इरईचा खडक त्या काळी दक्षिण गोलार्धात, ध्रुवाच्या बराच जवळ होता. बर्फ विदर्भात आले नव्हते. विदर्भच बर्फाच्या मुलखात होता.

इथवरची गोष्ट भूगोलाची. पात्रात थोडे थांबून खालचा खडक आणि वरचा थर एकत्र पाहिला की दुसरी गोष्ट सुरू होते: हिमनदी आपल्या पायाखालच्या जमिनीचे नेमके काय करते?

हिमनदी म्हणजे डोंगरावरून घसरणारा बर्फाचा ठोकळा, असा समज असतो. वास्तविक बर्फ स्वतःच्याच वजनाने आतून वाहते. एक किलोमीटर जाडीचे बर्फ दर चौरस मीटरवर ९०० टनांहून अधिक भार टाकते. या दाबाखाली बर्फाचा वितळणबिंदू थोडा खाली येतो. त्यात जमिनीतून येणारी उष्णता आणि घर्षणाची उष्णता मिळाली की तळाशी पाणी सुटते. या पाण्यावर पुढचे बरेच काही ठरते.

तळ कठीण खडकाचा असेल तर बर्फ त्यावरून घसरते. त्याच्या बुडाला गोठून बसलेले दगड खडकावर रेघा ओढतात, बारीक भुकटी त्याला घोटून चकाकी आणते. दगड स्वतःही झिजतात. एका बाजूने सपाट होतात आणि त्या सपाट बाजूवर ओरखडे उमटतात. तालचीर थरांत असे एका किंवा अनेक बाजूंनी तासलेले गोटे मिळतात, आणि नदीतल्या गोलमटोल गोट्यांहून ते लगेच वेगळे ओळखू येतात.

पण तळाशी मऊ गाळ असेल तर बर्फासोबत तळही चालू लागतो. दगडगोटे, वाळू आणि पिठासारखी बारीक झालेली खडकाची भुकटी यांच्या मिश्रणाला भूवैज्ञानिक टिल म्हणतात. टिलच्या कणांमधल्या फटींत पाणी भरलेले असते. बर्फाच्या ओझ्याखाली ते पाणी दबते, आणि बाहेर पडायला वाट नसेल तर ओझ्याचा मोठा वाटा स्वतःवर पेलते. कणांचा एकमेकांवरचा दाब तेवढा कमी होतो, त्यांची परस्परांवरची पकड सुटते. एरवी माणसाने उभे राहावे इतका भक्कम गाळ मग लगद्यासारखा वागू लागतो. पाट्यावर वरवंटा फिरतो तेव्हा पाटाही झिजतो, वरवंटाही झिजतो, आणि मधले वाटण दोहोंच्या मधून पुढे सरकत राहते. इरईचा चुनखडक हा पाटा. वरवंटा केव्हाच वितळून गेला. वाटण मात्र जागच्या जागी दगड होऊन बसले आहे.

हे वाटण खरोखर किती सरकते, याचे मोजमाप आइसलँडमध्ये झाले. ब्रेइडामेर्कुर्योकुल या हिमनदीच्या कडेला, बर्फात भुयार खणून, हिमनदीतज्ज्ञ जेफ्री बोल्टन यांनी तळाच्या टिलमध्ये तुकड्यांच्या सळया रोवल्या. काही दिवसांनी तुकडे कुठे सरकले ते पाहिले. वरचे तुकडे बरेच पुढे गेले होते, खालचे जवळपास जागेवर होते. १९७९ साली छापलेल्या निष्कर्षानुसार त्या ठिकाणी हिमनदीच्या पुढे जाण्यात सुमारे ८८ टक्के वाटा खालच्या गाळाच्या विरूपणाचा होता. बर्फाचे स्वतःचे घसरणे उरलेल्या थोड्या वाट्यात आटोपत होते.

मग अंटार्क्टिकाची पाळी आली. पश्चिम अंटार्क्टिकातल्या एका बर्फप्रवाहाखाली, ज्याला आता व्हिलन्स बर्फप्रवाह म्हणतात, कृत्रिम भूकंपलहरी सोडून तपासणी केली गेली. १९८६ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत सुमारे एक किलोमीटर बर्फाखाली पाच-सहा मीटर जाडीचा, पाण्याने चिंब गाळ असल्याचे दिसले. उतार नगण्य, तरी बर्फ वर्षाला काही शे मीटर वेगाने पुढे जाते; त्याचे कारण या चिंब गाळात होते. पुढे गरम पाण्याने भोक पाडून गाळाचे नमुने वर काढण्यात आले. हिमनदीतज्ज्ञ बार्क्ले कॅम्ब यांनी ते प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. हा गाळ मधासारखा हळूहळू ओघळत नाही. ताण एका मर्यादेपर्यंत वाढेस्तोवर तो तग धरतो आणि मर्यादा ओलांडताच एकदम हार मानतो. पाण्याचा दाब थोडा वाढला की ही मर्यादा खाली येते. समुद्राची पातळी पुढच्या शतकांत किती चढेल, याचा अंदाज बांधणाऱ्यांना म्हणूनच बर्फाइतकेच लक्ष बर्फाखालच्या चिखलाकडे द्यावे लागते.

जिवंत हिमनदीखाली मात्र ही घडामोड डोळ्यांनी पाहता येत नाही. भोक पाडून मूठभर नमुना मिळतो, लहरी सोडून एक धूसर चित्र मिळते. बर्फ निघून गेलेल्या ठिकाणी तोच तळ उन्हात, उभ्या छेदात, सावकाश वाचता येतो. डेन्मार्कच्या मोन बेटावर तर पुढे सरकणाऱ्या हिमस्तराने खडूच्या थरांचे अख्खे तुकडे उखडून, घड्या घालून एकमेकांवर चढवले आहेत. समुद्रकाठच्या पांढऱ्या कड्यांमध्ये त्या घड्या लांबून दिसतात. तिथले बर्फ हजारो वर्षांपूर्वीचे. तालचीरचा गाळ त्याच्या कितीतरी पट जुना, आणि आता खडक झालेला.

अशा खडकात काय शोधायचे, याची शिस्त ठरलेली आहे. लांबट गोटे एकाच दिशेला कललेले आहेत का? सरकत्या गाळात ते प्रवाहाच्या दिशेशी जुळवून घेतात. एखाद्या मोठ्या गोट्याभोवती बारीक मातीची रेघ वळसा घालते का? गोटा फिरला असेल तर भोवतालची माती त्याच्यासोबत पिळवटते. वाळूच्या पातळ पट्ट्या ताणून तुटल्या आहेत का, त्यांच्या घड्या एकाच बाजूला लवंडलेल्या आहेत का? थराला तिरप्या छेदणाऱ्या भेगांत वाळू शिरली आहे का? तळाच्या पाण्याचा दाब अनावर झाला की ते गाळ फोडून वाट काढते आणि जाताना वाळू सोबत नेते. आणि सगळ्यात खाली, घोटलेल्या खडकावरच्या ओरखड्यांची दिशा वरच्या गोट्यांच्या दिशेशी मिळते का? ती मिळाली तर खडक आणि गाळ एकाच बर्फाखाली, एकाच चालीत होते असे म्हणायला जागा होते.

इथेच सावधही राहावे लागते. गाळात घड्या पाडणारी हिमनदी एकटी नसते. सरोवराच्या उतारावरून ओला गाळ आपणहून घसरला तरी घड्या पडतात. भूकंपाने हादरलेली वाळू पाणी ओकते, तेव्हाही भेगा वाळूने भरतात. दगडगोट्यांसह वाहत आलेला चिखलाचा लोंढा दिसायला टिलसारखाच असतो. भारतातल्या तालचीर थरांचा अभ्यास करणाऱ्यांना अनेक ठिकाणी असे आढळले आहे की मूळ माल हिमनदीचा असला तरी तो वितळत्या पाण्याने, लोंढ्यांनी किंवा लाटांनी पुन्हा हलवून टाकलेला आहे. म्हणून तालचीरचा प्रत्येक गोटा बर्फाने थेट आणून ठेवला असे कुणी म्हणत नाही. इरईचे महत्त्व यातच आहे: इथे ओरखडलेला तळ जागेवर आहे.

गोट्यांच्या थरावर तालचीरचे हिरवट शेल, म्हणजे चिखलाचे पापुद्रेदार खडक, येतात. हाताने चुरले की सुयांसारख्या बारीक काड्यांत फुटतात. त्यांतले वाळूचे कणही पाहण्यासारखे असतात. उष्ण, दमट हवेत फेल्डस्पार हे खनिज लवकर कुजून माती होते. तालचीरच्या वाळूत ते ताजे, न कुजलेले राहिले आहे. थंडीचा हा आणखी एक साक्षीदार. शेलमध्ये मधूनच एखादा एकटा गोटा थर दाबून बसलेला असतो. तरंगत्या हिमखंडातून तो सरोवराच्या तळाशी पडला आणि खालचे पापुद्रे वाकले. बर्फ मागे हटू लागले, वितळलेले पाणी खोलगट जागी साचले, समुद्रही काही ठिकाणी आत शिरला. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या काठी त्या समुद्रातल्या शिंपल्यांचे जीवाश्म जपून ठेवले आहेत.

मग हवा ऊबदार होत गेली. दलदलींत ग्लॉसोप्टेरिस जातीची झाडे माजली, मेली, गाडली गेली. तालचीरच्या वर येणाऱ्या बराकर थरांतला कोळसा तो हाच. एकोणिसाव्या शतकात वरोऱ्याला सरकारी खाण निघाली, पुढे बल्लारपूर, घुग्घुस, सास्ती, दुर्गापूर, पद्मापूर. कोळशाच्या शोधात बोअर घेणाऱ्यांना तालचीर चांगला ठाऊक असतो, पण वेगळ्या कारणाने. वरून खाली जाताना हिरवे शेल किंवा गोट्यांचा थर लागला की खाली कोळसा मिळायचा नाही हे कळते, आणि ड्रिलिंग थांबते. त्यामुळे कोळशाच्या पट्ट्याखाली बर्फाचा तळ कसा आहे, कुठे खोल आणि कुठे उथळ, हे या खोऱ्यात मोजक्या ठिकाणीच पाहता येते. जिथे नदीने वरचे सगळे कापून काढले तिथेच.

या थरांची साखळी चंद्रपुरात संपत नाही. वर्धेच्या खोऱ्यातून ती आग्नेयेकडे, प्राणहिता आणि गोदावरीच्या खोऱ्यात उतरते. ही सारी एकच खचलेली लांबट दरी आहे. रस्त्याने जायचे तर बल्लारपूर, कोठारी, गोंडपिपरी करत वैनगंगेवरच्या आष्टीला पोचावे. तिथून जवळच, चपराळ्याच्या अभयारण्यापाशी, वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते. पुढे आलापल्लीचे सागवान. झाडी इतकी दाट की खडक दिसावा तर नाल्यातच. मग सिरोंचा, जिथे प्राणहिता गोदावरीला मिळते.

सिरोंच्यात बर्फाचा मागमूस नाही, आणि तेच इथे येण्याचे कारण. प्राणहितेच्या काठावरच्या कोटा गावाजवळच्या चुनखडीत एकोणिसाव्या शतकातच माशांचे जीवाश्म मिळाले. जवळच वडधमला दगड झालेले वृक्षांचे बुंधे पडले आहेत. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, याच कोटा थरांतून बारापासॉरस या अवाढव्य डायनासोरची हाडे निघाली; त्याच्या जातीला रवींद्रनाथ टागोरांचे नाव दिले आहे आणि सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे. इरई ते कोटा हे अंतर रस्त्याने एका दिवसाचे. खडकांत ते दहा कोटी वर्षांहून अधिक भरते. तेवढ्या काळात हीच दरी गोठलेल्या चिखलाची दलदल झाली, दलदलीचे जंगल झाले, आणि मग उष्ण हवेतल्या उथळ सरोवरांकाठी डायनासोर चरू लागले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने धरावेत. भोयेगावचा पूल पुरात पाण्याखाली जातो, त्यामुळे पाऊस लांबला असेल तर आधी चौकशी करावी. इरईत गावकऱ्यांना विचारूनच पात्रात उतरावे. धरणांतून सोडलेल्या पाण्याने पातळी अचानक वाढू शकते. हातोडा घरी ठेवावा. ओरखडलेल्या खडकाची ढलपी काढली की तिची दिशा हरवते, आणि दिशा हरवलेला ओरखडा अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही. त्याऐवजी होकायंत्र आणि कॅमेरा न्यावा, फोटोत मापासाठी पट्टी ठेवावी. आणि सकाळी आठ-नऊच्या आत पोचावे: ऊन तिरपे असते तोवर प्रत्येक खोबणीत सावली पडते आणि बर्फ कोणत्या रेषेत गेले ते स्पष्ट दिसते, सूर्य डोक्यावर आला की तोच खडक सपाट वाटू लागतो.